आधी टायर

"धरत नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. देवाचं नाव नाही, शिवी नाही. स्टिअरिंग तुम्ही फिरवत होतात आणि गाडी सरळच चालली होती. मग तिचं मागचं अंग फिरलं, जी बस आपण मागे टाकत होतो ती एकदम माझ्या समोर आली, आणि तुमच्या बाजूचं दार दुभाजकावरच्या दिव्याच्या खांबावर आदळलं. तो आवाज मला आठवत नाही. त्यानंतरचं आठवतं. वायपर चालूच होते. फुटलेल्या काचेवरून एक वायपर अडखळत जायचा आणि परत यायचा.

तुमचा डावा हात गिअरवर होता. मी तो धरला. कोवलमहून मासे घेऊन चाललेली एक बाई टोपली रस्त्यातच ठेवून माझ्या बाजूचं दार ओढत होती. "पाट्टी, इंग पारुंग," तमिळमध्ये म्हणत होती. आजी, इकडे बघा. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कुठेच बघत नव्हतात.

त्याला आज बावीस दिवस झाले. पट्ट्याने माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. उजवा हात चालतो, म्हणून लिहिते आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर काहीतरी हवं म्हणून अंक काढणाऱ्या वहिनी आल्या होत्या. "मनमिळाऊ होते, हौशी होते, असं लिहा," म्हणाल्या. मनमिळाऊ तुम्ही नव्हतात. मंडळाच्या गणपतीत तुम्ही दरवर्षी कोणाशी तरी भांडलात, आणि बहुतेक वेळा मांडवाच्या वायरिंगवरून. तुमचंच बरोबर निघायचं, म्हणून लोक जास्त चिडायचे. हौशी म्हणतात ते मात्र मला टोचतं. स्मशानातून आलेली माणसं आपल्या दारात चपला काढता काढता बोलत होती, ते मी आतून ऐकलं. "सत्तरीला आलेला माणूस. त्या वयात असली गाडी. इंजिन पण वाढवून घेतलं होतं म्हणे." सुहाससुद्धा पुण्याहून आला तो हेच म्हणत आला. "आई, बाबांना ते पोरांचं वेड लागायलाच नको होतं."

मी गप्प बसले. पहिल्या दिवशी गप्प बसले, दहाव्याला बसले, तेराव्याला वाढपी पानं मांडत होते तेव्हाही बसले. तुम्हाला सगळे मूर्ख ठरवत होते आणि ते माझ्या सोयीचं होतं. म्हणून हे लिहायचं. वहिनींनी छापलं तर छापावं.

तुम्ही अंबत्तूरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं गिअर तपासलेत. तयार झालेला दात मापात आहे की नाही, एवढंच तुमचं काम. घरी आलात तरी ते सुटत नव्हतं. पोळी गोल नसली तर तुम्ही बोलायचा नाहीत, पण पानात फिरवून बघायचात. त्या छत्तीस वर्षांत आधी सायकल, मग स्कूटर. वरच्या मजल्यावरचा मुलगा परदेशी चालला, त्याची ती निळी, बुटकी गाडी विकायला निघाली, आणि तुम्ही मला न विचारता घेऊन मोकळे झालात. मी तिला बेडूक म्हणायचे. बसायला गुडघे मोडायचे आणि उठायला कोणीतरी हात द्यायचा.

"ही म्हाताऱ्यांची गाडी नाही," मी म्हणाले होते.

"म्हाताऱ्यांची गाडी कुठली?" तुम्ही विचारलंत.

"रिक्षा."

तुम्ही हसलात. मला राग होता तो गाडीचा नव्हता. विचारलं नाहीत, त्याचा होता. पण हे मी तेव्हा बोलले नाही. बेडूक बेडूक करत राहिले.

नंतर मला ती आवडायला लागली, हेही कधी बोलले नाही. सकाळी सहाला रस्ते मोकळे असायचे तेव्हा तुम्ही मला कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला न्यायचात. तुम्ही क्लच दाबायचात आणि गिअर मी टाकायचा. "दुसरा," म्हणायचात. "आता तिसरा. हाताने ढकलू नको, नुसतं दाखव, तो आपला जातो." सुरुवातीला माझ्या हातून दातावर दात घासायचा आणि तुम्ही डोळे मिटायचात, जशी काही तुमचीच दाढ दुखते आहे. महिन्याभरात माझा गिअर लोण्यासारखा पडायला लागला. चौथी शिकलेल्या बाईला पासष्टाव्या वर्षी कोणी काही नवीन शिकवत नाही. तुम्ही शिकवलंत. एकदा सिग्नलला बाजूच्या मोटरसायकलवरच्या दोघांनी माझा हात गिअरवर पाहिला आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला. तुम्ही त्यांना काच खाली करून तमिळमध्ये सांगितलंत, "ड्रायव्हिंग स्कूल. अर्धी फी घेतो."

मग गाडीला काय काय करायचं त्याची यादी निघाली. कॅलेंडरचं उलटं पान घेऊन तुम्ही जेवणाच्या टेबलावर बसलात. मला वाटलं होतं, तो पोरांसारखा फटफट वाजणारा सायलेन्सर लावणार आणि गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही एक नंबरला लिहिलंत टायर. दोनला ब्रेक. तीनला खालच्या स्प्रिंगा. इंजिन शेवटी, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

"ताकद शेवटी?" मी विचारलं. मला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

तुम्ही माझा हात घेऊन टेबलावर उताणा ठेवलात. "गाडी जमिनीला एवढीच टेकते. तळहाताएवढी. असे चार तळहात. पळायचं यांच्यावर, वळायचं यांच्यावर, थांबायचं पण यांच्यावर. हे धरत नसले तर आत कितीही मोठं इंजिन घाल. नुसता गोंगाट."

मुरुगेसनच्या शेडमध्ये आपण टायर ठरवायला गेलो. ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, तुमच्याच कारखान्यातून सुटून त्याने कारखान्यांच्या एस्टेटच्या टोकाला गाड्या दुरुस्तीची शेड टाकली. चाळिशीचा माणूस, तुम्हाला सार म्हणतो आणि तुमच्याशी वाद घालतो. त्याला रुंद टायर टाकायचे होते. "सार, रुंद टाका. मागून बघितलं की गाडी नुसती बसल्यासारखी दिसते, भारी." तुम्ही म्हणालात, "मागून मला बघायचं नाही, मी आत असणार. रुंद टायर कोरड्यात चांगला, पाण्यात होडी होतो. आपल्याकडे पाऊस येतो तो बादलीने येतो. मला पाणी बाहेर फेकणारा पाहिजे." रुंदी होती तीच ठेवलीत. मऊ रबराचे, खोल खाचांचे, दुसऱ्या गावाहून मागवायला लागणारे टायर निवडलेत.

मऊ रबर लवकर झिजतं, असं मुरुगेसनच म्हणाला. मी तेवढं पकडलं. घरी येईपर्यंत बोलत होते. लवकर झिजणारी वस्तू जास्त किमतीला कशाला घ्यायची? आणि आहेत त्या टायरांना काय झालंय? त्या मुलाने गाडी फारशी चालवलीच नव्हती, नक्षी अजून खोल होती. मी स्वतः खाली बसून बोट घालून पाहिली होती. चांगली वस्तू टाकून देणं माझ्या रक्तात नाही. आपल्या घरात चादरीची उशीची खोळ होते, खोळीचं फडकं होतं, आणि फडक्याचा बोळा होऊन नळाला बसतो.

तुम्ही मला परत खाली नेलंत. टायरच्या अंगावर चार आकडे होते ते वाचायला लावलेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर सात वर्षांचं होतं. "नक्षी बघू नको," म्हणालात, "नख लाव." मी नख लावलं, ते रुतेना. मग तुम्ही वर आलात, ओट्यावरच्या कुकरच्या झाकणातली रिंग काढलीत आणि माझ्या हातात दिलीत.

"ही तू दरवर्षी का बदलतेस? तुटते?"

"तुटत नाही. कडक होते. मग वाफ धरत नाही."

"मग?"

मग काय. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच कुकरने तुम्ही मला हरवलंत. तुम्ही रिंग परत बसवलीत आणि शीळ घालत अंघोळीला गेलात. ती शीळ माझ्या डोक्यात बसली.

टायर आले ते पितृपंधरवडा लागल्यावर तिसऱ्या दिवशी. मुरुगेसनचा फोन आला, तुम्ही शर्ट घालत होतात. आणि मी म्हणाले, "पंधरवड्यात नवीन वस्तू नको."

तुम्ही थांबलात. "टायर?"

"टायर, टोपी, काही असो. सासूबाईंनी एकदा नवी बादली परत पाठवली होती. तुम्हाला ठाऊक आहे."

"आई कधी गाडीत बसली नाही. तिला टायरचं काय?"

"तिला नसेल. मला आहे."

आता खरं सांगते. मला पितरांचं काही पडलं नव्हतं. सासूबाई गेल्यापासून मी दर पंधरवड्यात काही ना काही घेत आले, आणि तुम्हाला कधी कळलंही नाही. मागच्याच वर्षी त्या दिवसांत किसणी घेतली. मला तुम्हाला एकदा नाही म्हणायचं होतं. गाडी न विचारता आणलीत त्याचं, आणि त्या कुकरच्या रिंगचं. तुमच्या मापात न बसणारी एकच गोष्ट माझ्याकडे होती, ती मी पुढे केली. रबराबद्दल तुम्ही वाद घालू शकत होतात. आईच्या नावाने तुम्ही घालणार नव्हतात, हे मला पक्कं माहीत होतं.

तुम्ही शर्टाची बटणं परत काढलीत. "बरं," म्हणालात. "सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी बसवू."

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही मला नुसतं "बरं" कधी म्हटलं नव्हतंत. पुढे काहीतरी जोडल्याशिवाय तुमचं बरं संपायचं नाही. त्या संध्याकाळी मी खुशीत थालीपिठं लावली, लोणी काढलं. तुम्ही तीन खाल्लीत. मी जिंकले होते.

तरी एवढ्यावर राहिलं असतं तर तुम्ही पंधरवडाभर जपून गाडी चालवली असतीत आणि आज माझ्या शेजारी बसून हे वाचत चुका काढल्या असत्यात. पण त्याच आठवड्यात इंजिनवाला आला. कोइंबतूरहून तो चार-सहा महिन्यांतून एकदा मुरुगेसनकडे येतो, गाडीला कॉम्प्युटर जोडतो आणि आतला हिशेब बदलतो. त्याने इंजिन जास्त जोर काढतं. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, पुढच्या वेळी बघू. टायर नाहीत तर तेही नको.

मी विचारलं, "त्यात नवीन काय येतं?"

"काही नाही. आहे त्यातलंच बदलतात."

"वस्तू काही आणायची नाही?"

"एक स्क्रूसुद्धा नाही."

"मग ते करून घ्या. ते चालतं."

मोठ्या मनाने म्हणाले मी हे. जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं. तुम्ही मुरुगेसनला फोन लावलात. तुमच्या कॅलेंडरच्या पानावर जे शेवटी होतं ते मी पहिलं केलं आणि जे पहिलं होतं ते थांबवलं. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकते. पण हाताचा तळवा टेबलावर ठेवून तुम्ही मला शिकवलं होतंत. कळायला काही राहिलं नव्हतं.

शेडमध्ये मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. तो मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन तुमच्या सीटवर बसला होता. नवे चार टायर भिंतीशी एकावर एक रचलेले होते, त्यांच्या अंगावरचे बारीक रबरी केससुद्धा तसेच होते. मुरुगेसन तुम्हाला म्हणाला, "सार, तुम्हीच सांगितलंत ना, आधी टायर? हे उलटं होतंय."

तुम्ही अंगठा माझ्याकडे वळवलात. "अम्मा सोन्नांग."

अम्मा म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

तुमच्या आईची तिथी झाली. गच्चीवर कावळा लगेच शिवला. तुम्ही म्हणालात, आईला भूक कधी धरवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला समुद्राकडे जायचं होतं. इंजिन कसं झालंय ते मला दाखवायचं होतं. कोवलमपर्यंत ऊन होतं. वाळूत न जाता गाडीतूनच होड्या बघितल्या, कारण मला उठवायला कोण. तुम्ही डब्यातले कालचे उरलेले वडे खाल्लेत आणि गाडीत तेलाचा हात लावू नका म्हणून मी ओरडले. तुमचं माझं शेवटचं बोलणं ते. त्याच्यानंतर "धरत नाही" एवढंच.

परत निघालो आणि पाऊस आला. तुम्ही हळूच चालवत होतात, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. पुढे बस होती, तिच्या मागच्या चाकांचं पाणी आपल्या काचेवर येत होतं, समोरचं दिसत नव्हतं. त्या पाण्यातून बाहेर पडायला तुम्ही उजवीकडे घेतलंत आणि पाय दाबलात. तुमच्या पायाला जुनं माप होतं. इंजिनाने नव्या मापाने दिलं. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, मला ते बुडाखाली जाणवलं.

पाय तुमचा होता. तेवढं तुमच्याकडे राहू दे. तुम्हाला मी पुरतं ओळखते, चुकीतला तुमचा वाटा मी सगळा घेतला तर तुम्हाला ते अपमानासारखं वाटेल. बस मागे टाकायची नव्हती. इंजिनवाल्याला परत पाठवायचं होतं. माझं ऐकायचं नव्हतं. जन्मभर ऐकलं नाहीत, आणि ऐकलंत ते नेमकं हे.

अकराव्या दिवशी मुरुगेसन आला. हात जोडून दाराशीच उभा राहिला, आत येईना. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "नवे टायर असते तर?"

"अम्मा, ते देवाला माहीत."

"देवाला कशाला? टायर तू विकतोस."

त्याने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "बहुतेक धरलं असतं, अम्मा." आणि रडायला लागला. "मी सारना नको म्हणायला हवं होतं."

"तू म्हणालास," मी सांगितलं. "मी तिथेच बसले होते."

टायरांचं काय करायचं, ते त्याने जाताना विचारलं. ज्या कोणाच्या गाडीला बसतील त्याला दे म्हणाले. इकडचा पावसाळा दसऱ्यानंतरचा, तो तोंडावर आहे. आणि देताना आकडे वाचायला शिकव.

काल सुहासला हे सगळं सांगितलं. पोळी करायला बाई ठेवली आहे, ती गेल्यावर दार लावून सांगितलं. कॅलेंडरचं पान त्याच्यापुढे ठेवलं. तुमच्या अक्षरावरून त्याने बोट फिरवलं. मग मला लहान मुलीसारखं समजवायला लागला. "आई, असं काही नसतं. अपघात तो. पाऊस होता, रस्ता ओला होता, बाबांचं वय होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"तुझ्या बापाचं वय काढू नको," मी म्हणाले. "त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. यादी बघ. इथून पुढे कोणी त्यांना वेडा म्हणालं तर ही यादी दाखवायची, आणि ती कोणी उलटी केली ते पण सांगायचं."

"लोकांना कशाला सांगायचं? त्याने बाबा परत येणार आहेत?"

"नाही येणार."

"मग? तुला काय मिळणार?"

मला काही मिळणार नाही. तुमची माफी मागावी असंही वाटत नाही, तुम्ही ती दिलीच असतीत आणि वर काहीतरी जोडलं असतंत. सुहासने ते पान घडी करून परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "नक्की काय झालं ते आता कोणाला कळणार आहे, आई?"

मला कळतं. गाडीत आपण दोघंच होतो. तुम्ही गेलात. मी वाचले.